१९५०च्या दशकातला स्मॉकिंगचा फ्रॉक घरी शिवायचा तर

माझ्या शिवणाच्या क्लासमध्ये दरवर्षी एखादी तरी विद्यार्थिनी मोबाइलवर तोच फोटो घेऊन येते. फोटो कृष्णधवल असतो. चार-पाच वर्षांची मुलगी, छातीवर बारीक चुण्यांची, म्हणजे स्मॉकिंगची नक्षी, गोल पांढरी कॉलर, फुग्याच्या बाह्या, पायात आखूड पांढरे मोजे आणि पट्टीचे बूट. बहुतेक वेळा ही मुलगी इंग्लंडच्या राजघराण्यातली असते, १९३०च्या दशकातल्या एलिझाबेथ आणि मार्गारेट या बहिणी किंवा १९५०मध्ये जन्मलेली राजकन्या ॲन. "ताई, लेकीच्या वाढदिवसाला असाच फ्रॉक शिवायचाय."

मग ती बाजारात जाते, चमकणारं साटीन घेते, छातीवर इलॅस्टिकच्या दोऱ्याने शिलाया मारते, घेराला लेस लावते. फ्रॉक छान दिसतो, पण फोटोतला तो येत नाही. त्या फोटोतल्या फ्रॉकमध्ये चमक नाहीच. साधं सुती कापड आहे, छातीवर नेमकं बसलेलं, खाली मोकळं सुटलेलं, आणि आतून बाहेरून सारखंच स्वच्छ शिवलेलं. त्या काळच्या युरोपात मुलांचा समारंभी कपडा ओळखला जायचा तो या कामावरून. तेच काम इथे पायरीपायरीने सांगते. मापं चार वर्षांच्या, साधारण २३ इंच छातीच्या मुलीची धरली आहेत.

आधी हा फ्रॉक आला कुठून ते बघू, कारण शिवताना त्याचा उपयोग होतो. स्मॉक म्हणजे इंग्लंडच्या खेड्यातल्या मेंढपाळांचा आणि शेतमजुरांचा ढगळ अंगरखा. इलॅस्टिक नसण्याच्या काळात छातीशी आणि मनगटाशी कापड आवरायचं, पण हात हलवायला मोकळं ठेवायचं, म्हणून चुण्या घालून त्या वरून टाक्यांनी बांधत. चुण्या ताणल्या जातात आणि परत जागेवर येतात. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मजुरांचा अंगरखा मागे पडला आणि हीच कला मुलांच्या कपड्यांवर आली. लंडनच्या लिबर्टी या दुकानाने, १८७५ साली सुरू झालेल्या, तिला शहरात मान मिळवून दिला. म्हणजे राजकन्यांच्या फ्रॉकवरची नक्षी मूळची शेतातली आहे, आणि ती मूल वाढेल तशी थोडी सैलावते. हा तिचा गुण आपल्याला जपायचाय.

दुसरी गोष्ट टंचाईची. ब्रिटनमध्ये १ जून १९४१ पासून कपड्यांना रेशनिंग लागलं आणि ते उठायला मार्च १९४९ उजाडला. पहिल्या वर्षी मोठ्या माणसाला ६६ कुपनं मिळाली, त्यात बूट, मोजे, कापड सगळं बसवायचं. वाढत्या मुलांसाठी जादा कुपनं होती, तरी आया स्वतःचे जुने कपडे उसवून मुलांचे शिवत. १९४३मध्ये सरकारनेच 'आहे ते वापरा, फाटलं ते शिवा' अशा अर्थाची पुस्तिका काढली. या पिढीच्या हातून १९५०च्या दशकातले फ्रॉक शिवले गेले, त्यामुळे ते दिसायला कितीही नाजूक असले तरी दोन-तीन वर्षं वापरायचे आणि मग धाकटीला द्यायचे, या हिशोबाने बेतलेले असत. खालची दुमड चार-चार इंच का ठेवत, याचं कारण इथे आहे.

कापड

पातळ, घट्ट विणीचं सुती कापड घ्या. इंग्लंडमध्ये उन्हाळ्यासाठी लॉन वापरत; लिबर्टीचं बारीक फुलांचं टाना लॉन त्यात सगळ्यात नावाजलेलं, इथिओपियातल्या टाना सरोवरावरून त्याचं नाव पडलं. थंडीसाठी व्हियेला, म्हणजे ५५ टक्के मेरिनो लोकर आणि ४५ टक्के सूत यांचं मऊ मिश्रण. आपल्याकडे कॅम्ब्रिक उत्तम. टू बाय टू रुबियासुद्धा चालतं, ते चुण्यांत सुंदर बसतं. जाड पॉपलिन नको, चुण्या फुगतात. साटीन तर नकोच. सुई त्यावर छिद्रं ठेवते.

रंग पांढरा, मोतिया, फिकट निळा, फिकट गुलाबी, किंवा पांढऱ्यावर बारीक फुलं. फुलांचं कापड असेल तर भरतकामाचे दोरे त्या फुलांतल्याच रंगांचे निवडा, तीनपेक्षा जास्त रंग नको. ३६ इंच पन्ह्याचं सव्वादोन मीटर कापड पुरतं, कॉलरसाठी पांढरं कापड वेगळं. कापायच्या आधी कापड रात्रभर पाण्यात भिजवून, वाळवून, इस्त्री करून घ्या. सुती कापड आटतं, आणि स्मॉकिंग झाल्यावर आटलं तर काही करता येत नाही.

मापं आणि कापणी

फ्रॉकची पूर्ण उंची २२ इंच, गुडघ्याच्या जरा वर. वरचा योक, म्हणजे खांदा-छातीचा वेगळा जोडतुकडा, खांद्यापासून ३ इंच. त्याखाली पुढचं पॅनेल सलग, योकपासून घेरापर्यंत एकच तुकडा. पॅनेलची उंची अशी काढा: १९ इंच तयार, अधिक ४ इंच खालची दुमड, अधिक वर-खाली अर्धा-अर्धा इंच माया, म्हणजे शिलाईत जाणारं जादा कापड. एकूण २४ इंच.

रुंदीचं गणित हा या कामाचा कणा आहे. योकची तयार रुंदी ९ इंच. स्मॉकिंगला कापड तिप्पट लागतं, म्हणजे २७ इंच. दोन्ही बाजूंना मुंढा (बाही जोडायची गोलाई) आणि शिलाईसाठी अडीच-अडीच इंच साधं कापड सोडा. पॅनेल झालं ३२ इंच रुंद. मागचं पॅनेलही तेवढंच, पण तिथे स्मॉकिंग करायचं नाही, साध्या चुण्या घालायच्या. मागे मधोमध चार इंचांची चीर ठेवा, कारण बटणं पाठीवर येतात.

मुंढा आत्ता कापू नका. नव्या विद्यार्थिनींची इथेच घाई होते. स्मॉकिंग पूर्ण होऊन कापड आवरलं गेलं की मगच मुंढ्याचा कागद ठेवायचा आणि कापायचं.

ठिपके

पॅनेलच्या उलट्या बाजूला, वरच्या कडेपासून अर्धा इंच सोडून ठिपक्यांच्या आडव्या ओळी मारायच्या. दोन ठिपक्यांत पाव इंच, दोन ओळींत एक सेंटिमीटर, अशा दहा ओळी. २७ इंचांत पाव इंचाने १०८ ठिपके येतात, म्हणजे १०८ चुण्या. इंग्लंडमध्ये इस्त्रीने उमटणारे ठिपक्यांचे कागद मिळत आणि बायका ते जपून वापरत. आपण ग्राफ पेपरवर ठिपके मारून, त्यांना सुईने भोकं पाडून, वरून धुऊन जाणाऱ्या पेनने टेकवत जायचं. आधी कापडाच्या तुकड्यावर पेन धुऊन जातं का बघा. ठिपके कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून सरळ हवेत. ओळ तिरपी गेली की चुणी पिळवटते, आणि मग ती कोणत्याही टाक्याने सरळ होत नाही.

चुण्या ओढणे

प्रत्येक ओळीला वेगळा, पक्का, गडद विरुद्ध रंगाचा दोरा घ्या, म्हणजे नंतर काढताना दिसतो. शेवटाला मोठी गाठ. प्रत्येक ठिपक्यावर सुईने कापडाचे जेमतेम दोन-तीन धागे उचलायचे आणि पुढच्या ठिपक्यावर जायचं. हा साधा धावदोरा नाही, टाका फक्त ठिपक्यावर. दहाही ओळी झाल्या की दोरे दोन-दोनच्या जोडीने हळूहळू ओढा. चुण्या उभ्या नळ्यांसारख्या शेजारी शेजारी बसतात. कापड वर-खाली हलकं ताणलं की त्या सरळ होतात. मग दोऱ्यांची टोकं टाचणीभोवती आठाच्या आकारात गुंडाळा.

आता किती ओढायचं? तयार रुंदी ९ इंच हवी, तर या वेळी ती साडेआठ इंच ठेवा. भरताचे टाके पडल्यावर आणि दोरे काढल्यावर ती थोडी सुटते. माझ्या पहिल्या फ्रॉकला मी चुण्या घट्ट दाबून सात इंचांवर आणल्या होत्या, वर टाकेही ओढून घातले. काम दाट आणि देखणं दिसत होतं. पण योकला लावायला घेतलं तर काही केल्या नऊ इंचांपर्यंत येईना. तीन संध्याकाळींचं काम उसवलं. तेव्हापासून दोन चुण्यांच्या मधून सुईचं टोक सहज जाईल इतकी मोकळीक ठेवते.

स्मॉकिंग

सहा पदरी लडीतले तीन पदर घ्या, लांबी हातभर. काम सुलट्या बाजूने, डावीकडून उजवीकडे (डावखुऱ्या असाल तर उलट). सुई आडवी, ओढलेल्या दोऱ्याला समांतर धरायची आणि चुणीच्या माथ्याचा वरचा एक तृतीयांश भागच उचलायचा. सुई खोल गेली तर चुण्या चपट्या होतात आणि लवचीकपणा जातो. प्रत्येक टाक्याला एक नवी चुणी.

पहिली ओळ मोकळी सोडा, ती योकच्या शिलाईत जाईल. दुसऱ्या ओळीवर केबल टाका घाला: एका टाक्याला दोरा सुईच्या वर, पुढच्याला सुईच्या खाली, पुन्हा वर. विणलेल्या दोरीसारखी रेघ येते. ही ओळ चुण्या जागेवर धरून ठेवते, म्हणून वरच्या बाजूला घट्ट टाकाच हवा.

तिसरीपासून सातव्या ओळीपर्यंत ट्रेलिस, म्हणजे जाळीची चौकटनक्षी. खालच्या ओळीपासून सुरुवात करून चार टाके पायऱ्यांसारखे वर चढवा. वर चढताना दोरा सुईच्या खाली राहतो. माथ्यावर पोचलात की एक टाका दोरा सुईच्या वर ठेवून घाला आणि तसाच दोरा वर ठेवून खाली उतरा. तळाशी पुन्हा दोरा खाली. चढताना खाली, उतरताना वर, एवढं हाताला बसलं की झालं. दुसरी ओळ पहिलीच्या आरशातल्या प्रतिमेसारखी घातली की दोन लाटांमध्ये चौकटी तयार होतात. सुरुवात नेहमी पॅनेलच्या बरोबर मध्यावरून करा, एक बाजू संपवा, मग पॅनेल उलटं धरून दुसरी. म्हणजे दोन्ही मुंढ्यांशी नक्षी सारखी संपते.

आठव्या आणि नवव्या ओळीवर हनीकोंब. दोन चुण्या एका टाक्याने दोनदा जवळ बांधायच्या, मग सुई चुणीच्या आतूनच खालच्या ओळीवर न्यायची, तिथे पुढची चुणी घेऊन पुन्हा बांधायचं, परत आतून वर. समोरून फक्त छोटे ठिपके आणि मधे मधाच्या पोळ्यासारखी घरं दिसतात. फ्रेंचमध्ये आणि स्पॅनिशमध्ये या कामाचं नावच मधमाशांच्या पोळ्यावरून आहे. हनीकोंब सगळ्यात लवचीक, म्हणून तो शेवटी: त्याच्याखाली घेर अलगद सुटतो. दहावी ओळ मोकळी, ती फक्त आधाराला होती.

माझ्या हाताला या सगळ्याला दहा-बारा तास लागतात. पहिल्यांदा करणारीने दोन आठवडे धरावेत, आणि दिवसाउजेडी बसावं.

वाफ आणि दोरे

काम झालं की ते उलटं, म्हणजे भरत खाली करून, जाड टॉवेलवर ठेवा. बरोबर ९ इंचांवर टाचण्यांनी ताणून बसवा. वाफेची इस्त्री अर्धा इंच वर धरून वाफ द्या. इस्त्री टेकवली की चुण्या कायमच्या चपट्या झाल्या समजा. पूर्ण थंड आणि कोरडं होऊ द्या, मग दोरे काढा. सगळ्यात वरचा मात्र राहू दे, योक शिवून झाल्यावर तो काढायचा.

आता मुंढा. मुंढ्याची एकूण उंची साडेपाच इंच, त्यातले तीन इंच योकमध्ये गेले. उरलेले अडीच इंच पॅनेलवर, बाजूच्या साध्या कापडात दोन इंच आत गोलाई देऊन कापा.

योक आणि कॉलर

योक दुहेरी कापा, आतला अस्तराचं काम करतो. पॅनेलची वरची कड दोन योकच्या मधे धरून शिवली की कच्ची कड कुठेच दिसत नाही. बाकीच्या शिलायाही आधी सुलट्या बाजूने बारीक टीप मारून, कड छाटून, मग उलटून दुसरी टीप मारून आत बंद करा. पातळ कापडातून धागे सुटलेले दिसतात, आणि लहान मुलांच्या काखेत ते टोचतात.

कॉलर ही या पोशाखाची खूण आहे. गोल टोकांच्या या कॉलरला इंग्रजीत पीटर पॅन कॉलर म्हणतात. १९०५ साली न्यूयॉर्कच्या रंगमंचावर अभिनेत्री मॉड ॲडम्सने पीटर पॅनची भूमिका केली, तिच्या पोशाखावरून हे नाव रुळलं. फ्रेंच बायका तिला क्लोदिन कॉलर म्हणतात. बेतायची युक्ती अशी: पुढच्या आणि मागच्या योकचे कागद खांद्याला जोडून ठेवा, पण मुंढ्याच्या टोकाला ते एकमेकांवर अर्धा इंच चढवा. आता गळ्याची रेघ काढा आणि तिच्यापासून दोन इंचांवर बाहेरची गोलाई. त्या अर्ध्या इंचाने कॉलरची बाहेरची कड किंचित कमी होते, त्यामुळे ती गळ्याशी जरा उचलून मग खाली वळते. हे केलं नाही तर कॉलर लाळेऱ्यासारखी सपाट पडते. बटणं मागे असल्याने कॉलर दोन अर्ध्या भागांत शिवायची. पाव इंचावर टीप, गोलाईला बारीक खाचा, उलटून बोटांनी कड गोल करत करत इस्त्री. खालचा थर केसभर लहान कापा, म्हणजे शिलाई वर डोकावत नाही. गळ्याला उरेब, म्हणजे तिरप्या धाग्यात कापलेली पट्टी लावून बसवा.

बाहीचा फुगा आवरता ठेवा. मुंढ्यापेक्षा दीडपट कापड, चुण्या फक्त खांद्याच्या माथ्यावर, खाली दंडाच्या घेरापेक्षा एक इंच सैल पट्टी. मागे छोटी शिंपल्याची बटणं, हाताने केलेली काजं. बाजूच्या शिलाईत दोन लांब पट्टे घालून मागे बो बांधा. १९४७मध्ये पॅरिसला फॅशन डिझायनर डिओरने भरगच्च घेराचे कपडे आणले, त्यानंतर मुलींच्या फ्रॉकखालीही जाळीचा पेटीकोट आला. हवा असेल तर घाला, पण आतून मलमलचं अस्तर लावा, जाळी मांडीला काचते.

मुलगा बरोबर असेल तर

भावाला लांब पँट नको. त्या काळी ब्रिटनमध्येच काय, फ्रान्स-इटलीतही मुलगे समारंभाला आखूड विजारच घालत, थंडीतसुद्धा. लांब पँट मिळणं म्हणजे मोठं झाल्याची खूण, ती साधारण अकरा ते तेरा वर्षांच्या दरम्यान. अगदी लहानाला शर्टालाच बटणांनी लावलेली विजार शिवा, पोटावरून घसरत नाही. शाळेच्या वयाच्या मुलाला करड्या रंगाची विजार, पांढरा शर्ट, गुडघ्यापर्यंत दुमडलेले मोजे. थंड गावी असाल तर वर दुहेरी बटणांचा लोकरी कोट, कॉलर मखमली, कोटापेक्षा एक छटा गडद. हा कोट मुलींनाही तसाच असे.

पहिल्या कम्युनियनचा पोशाख

हाच बेत पांढऱ्या कापडात, नक्षीही पांढऱ्याच दोऱ्याने, बाही लांब आणि घेर पायघोळ केला की तो कॅथलिक युरोपातला पहिल्या कम्युनियनचा, म्हणजे चर्चमध्ये मूल पहिल्यांदा पवित्र प्रसाद घेतं त्या समारंभाचा, पोशाख होतो. पोप दहाव्या पायस यांनी १९१०मध्ये पहिल्या कम्युनियनचं वय साधारण सातवर आणलं, त्यामुळे तो लहान मुलींचा झाला. स्पेनमध्ये मुलगे त्या दिवशी खलाशी पोशाख घालतात. खलाशी पोशाखाची आवड पसरली ती १८४६मध्ये विंटरहाल्टरने राणी व्हिक्टोरियाच्या मुलाचं त्या वेशातलं चित्र काढलं तेव्हापासून. फ्रान्समध्ये मात्र १९५०च्या दशकापासून अनेक चर्चमध्ये सगळ्या मुलांना एकसारखा साधा पांढरा झगा देण्याची पद्धत आली, गरीब-श्रीमंत फरक दिसू नये म्हणून. मला हा निर्णय फार आवडतो. गोव्यात आणि वसईत पांढरा फ्रॉक, डोक्यावर जाळीची ओढणी आणि मुकुट ही रीत आपल्या डोळ्यांसमोरची आहे. तिथल्या कोणाला हा फ्रॉक शिवायचा असेल तर नक्षी पांढऱ्यावर पांढरीच ठेवा. मेणबत्तीच्या उजेडात चुण्यांची सावली पडते, ती रंगीत दोऱ्यापेक्षा देखणी दिसते.

खालची दुमड

शेवटी घेर. चार इंचांची दुमड मशीनने शिवू नका, हाताने, वरून न दिसणारे बारीक टाके घाला. पुढच्या वर्षी ती उसवायची आहे, आणि मशीनची टीप उसवली की भोकांची रांग राहते. फ्रॉक घालून मुलीला टेबलावर उभं करा, जमिनीपासून पट्टीने मोजत सगळीकडे सारखी उंची खुणा, मग दुमडा. घेर फार सुटत असेल तर दुमडीच्या वरच्या कडेला बारीक चुण्या घालून आत बसवा.

धुताना कोमट पाणी, सौम्य साबण, पिळणं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून पाणी टिपायचं, सावलीत आडवं वाळवायचं. इस्त्री फक्त घेराला आणि कॉलरला, स्मॉकिंगला नेहमी वाफच.

दुमड उसवाल तेव्हा जुन्या घडीची फिकट रेघ दिसेल. पांढऱ्या व्हिनेगरमध्ये थोडं पाणी घालून फडकं ओलं करा आणि रेघेवर ठेवून इस्त्री फिरवा, बरीचशी जाते. उरली तर तिच्यावरून स्मॉकिंगच्याच रंगाच्या दोऱ्याने केबल टाक्याची एक ओळ घाला किंवा बारीक नागमोडी लेस लावा. त्या काळच्या जुन्या फ्रॉकांवर घेराच्या वर अशी एखादी रेघ दिसली, की तिच्याखाली बहुतेक वेळा आधीच्या वर्षीची घडी सापडते.